भरवस्तीतल्या बागेचा इतिहास कसा शोधावा: झाडांआधी जमीन

शहराच्या मध्यवस्तीत वीतभर जागेसाठी भांडणे होतात. तिथे पाच-दहा एकर जमीन शतकभर मोकळी राहिली असेल, तर त्यामागे ठोस कारण असते. म्हणून बागेचा इतिहास शोधताना पहिला प्रश्न हा विचारावा: या जागेवर इमारती का उभ्या राहिल्या नाहीत? स्थानिक इतिहास बहुतेकदा उद्घाटनापासून सुरू होतात, देणगीदाराचे नाव सांगतात आणि मग पुतळे नि कारंजी मोजत बसतात. त्यात बागेच्या आधीचा सगळा काळ हरवतो, आणि आजची बाग अशाच आकाराची का, तिच्या एका कोपऱ्यात पाणी का साचते, अमुक बाजूला झाडेच का नाहीत, याचीही उत्तरे मिळत नाहीत.

कारणे सहसा थोडक्याच प्रकारची निघतात. कधी जमीन बांधकामाला नालायक असते. टोकियोतले हिबिया उद्यान १९०३ मध्ये खुले झाले. तिथे आधी सरदारांचे वाडे होते, नंतर लष्कराचे कवायतीचे मैदान आले. सरकारी कचेऱ्या तिथे बांधायचा बेत होता, पण त्याखाली जुनी बुजवलेली खाडी होती. मऊ जमीन विटांच्या जड इमारती पेलणार नाही असे दिसल्यावर तिथे बाग झाली. पॅरिसमधले ब्यूत-शोमाँ (१८६७) जिप्समच्या जुन्या खाणींवर उभे आहे. कधी जमीन मृतांची असते: न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरखाली १७९७ ते १८२५ या काळातली गोरगरिबांची आणि साथीत गेलेल्यांची दफनभूमी आहे. कधी सामाईक कुरण असते, जसे बॉस्टन कॉमन. तिथे १८३० पर्यंत गाई चरत होत्या. कधी लष्कराचे मैदान, कधी पाण्याची टाकी, कधी अटी घालून दिलेले दान. तुमच्या बागेचे मूळ यातले कोणते, एवढे आधी ठरवा. पुढचे कागद कुठे शोधायचे हे त्यावरून ठरते. लष्करी जमिनीचे कागद महापालिकेत सापडत नाहीत, दफनभूमीचे कागद धर्मसंस्थेकडे किंवा आरोग्यखात्याकडे असतात, आणि पाण्याच्या टाकीचे पाणीपुरवठा विभागाकडे.

नावांची यादी

कामाला हात घालण्याआधी बागेला आजवर मिळालेल्या सगळ्या नावांचा तक्ता करा: सरकारी नाव, बोलीतले नाव, शेजारच्या चौकाचे नाव, आधीच्या वापराचे नाव. जुने कागद जुन्याच नावाखाली लावलेले असतात. आजच्या नावाने शोधणाऱ्याला अभिलेखागारात फार तर शेवटची पन्नास वर्षे मिळतात. न्यूयॉर्कचे ब्रायंट पार्क १८८४ पर्यंत 'रिझर्व्हॉयर स्क्वेअर' होते. मुंबईचे हॉर्निमन सर्कल आधी एल्फिन्स्टन सर्कल, त्याही आधी बॉम्बे ग्रीन. लॉस एंजेलिसच्या पर्शिंग स्क्वेअरला ते नाव १९१८ मध्ये मिळाले. त्यापूर्वी सेंट व्हिन्सेंट पार्क, सिक्स्थ स्ट्रीट पार्क अशी नावे बदलत बदलत ते काही काळ चक्क 'सेंट्रल पार्क' म्हणून ओळखले जाई. तिथल्या वर्तमानपत्रांत त्या नावाने शोधले की न्यूयॉर्कच्याच बातम्यांचा ढीग समोर येतो. अशा वेळी नावाबरोबर भोवतालच्या रस्त्यांची नावे जोडून शोधा. रस्त्यांचीही नावे बदलतात, म्हणून त्यांचा दुसरा तक्ता लागतो. प्रत्येक नावापुढे ते पहिल्यांदा आणि शेवटचे कोणत्या कागदावर दिसले, त्या दोन तारखा लिहा. नामांतराचा ठराव आणि लोकांच्या तोंडी नवे नाव रुळणे यांत कित्येकदा दोन-तीन दशके जातात.

नकाशे एकावर एक ठेवणे

इथे सर्वाधिक वेळ द्या. कोणत्याही बागेबद्दल सगळ्यात जास्त माहिती नकाशेच देतात, आणि सगळ्यात जास्त फसवतातही तेच.

आधी आजचा आधारनकाशा घ्या, १:५०० किंवा १:१००० प्रमाणाचा. त्यावर बागेची आजची हद्द, वाटा, पायऱ्या, चबुतरे, मोठी झाडे, गटारांची झाकणे दाखवा. मग जितके जुने नकाशे मिळतील तितके निदान ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके), बारीक अक्षरे असतील तर ६०० डीपीआयला सपाट स्कॅनरवर स्कॅन करा. मोबाइलने काढलेला फोटो वाचायला चालतो, मोजायला चालत नाही. भिंगाच्या वक्रतेमुळे कडा आत किंवा बाहेर वाकतात.

हे स्कॅन क्यूजीआयएससारख्या मोफत संगणकप्रणालीत आजच्या नकाशावर बसवता येतात. त्यासाठी दोन्ही नकाशांवर ओळखू येणारे समान बिंदू द्यावे लागतात. साध्या पहिल्या घाताच्या रूपांतराला (नकाशा नुसता सरकवणे, फिरवणे, ताणणे) किमान ३ बिंदू पुरतात, दुसऱ्या घाताच्या रूपांतराला (त्यात वाकवणेही आले) ६ लागतात. पण किमान संख्येवर थांबलात तर चूक मोजायला काहीच उरत नाही: तीनच बिंदू दिले की प्रणाली त्रुटी शून्य दाखवते आणि नकाशा मात्र वाकडा बसलेला असतो. आठ ते बारा बिंदू द्या. ते चारही कोपऱ्यांत पसरलेले असावेत, दोन-तीन मधोमध असावेत. बिंदू निवडताना न हललेल्या वस्तू घ्या: दगडी प्रार्थनास्थळाचा कोपरा, पुलाचा खांब, जुन्या सरकारी इमारतीची कड. रस्त्याची कड कधीही घेऊ नका. मध्यवस्तीतले रस्ते रुंद होतात, आणि बहुतेकदा बागेलाच खाऊन होतात. जो बदल शोधायचा तोच बिंदू म्हणून स्थिर धरला, तर तो बदल दिसेनासा होतो.

एखाद्या बिंदूची त्रुटी बाकीच्यांच्या तिप्पट-चौपट आली, तर तो पुसून टाकण्याआधी पुन्हा पाहा. बिंदू चुकीचा असेल, किंवा ती इमारत पाडून दोन मीटर मागे बांधलेली असेल. ही दुसरी शक्यता स्वतःच एक शोध असते. नकाशाच्या घडीवर कागद ताणला किंवा आकसलेला असेल, तर घडीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे बिंदू द्या.

नकाशाकडून किती अचूकतेची अपेक्षा करायची याचा हिशोब सोपा आहे. १:२५०० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर सव्वा मीटर होते. १:१०,००० च्या नकाशावर पाच मीटर. तेव्हा १:१०,००० च्या नकाशावरून 'कुंपण तीन मीटर सरकले' असे विधान करता येत नाही. जुन्या इंग्रजी मापांशी गाठ पडली तर १ साखळी म्हणजे ६६ फूट, म्हणजे २०.१२ मीटर, १० चौरस साखळ्यांचा १ एकर, म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर.

प्रत्येक नकाशावर तीन वेगवेगळ्या तारखा असू शकतात: मोजणीची, सुधारणेची आणि छपाईची. मोठ्या अक्षरांत असते ती छपाईची, आणि तुम्हाला हवी असते मोजणीची. ती सहसा खालच्या समासात बारीक अक्षरांत सापडते. सुधारित आवृत्तीत रेल्वे आणि मोठे रस्तेच नवे केलेले असतात, बागेच्या आतल्या वाटा वीस वर्षांपूर्वीच्या तशाच राहिलेल्या असतात.

कोणता नकाशा कशासाठी काढला होता हेही बघा. ब्रिटनमधले एकोणिसाव्या शतकातले १:५०० चे शहरनकाशे दिव्याचे खांब आणि वाटांची वळणेसुद्धा दाखवतात. उलट आगविम्यासाठी काढलेले नकाशे (अमेरिकेत सॅनबॉर्न कंपनीचे सर्वांत प्रसिद्ध, साधारण १:६०० चे) बागेच्या भोवतीची प्रत्येक इमारत विटांची की लाकडाची हे रंगाने सांगतात, पण बाग कोरी सोडतात. तिथे विमा उतरवण्याजोगे काही नसते, म्हणून. त्या कोऱ्या जागेवरून 'तेव्हा बागेत काही नव्हते' असा निष्कर्ष काढणे ही नेहमीची चूक. आणि वास्तुरचनाकाराने काढलेला देखणा रंगीत आराखडा म्हणजे प्रस्ताव असतो. त्यातली कारंजी आणि दुहेरी वृक्षरांगा प्रत्यक्षात आल्या की नाही, हे त्यानंतरच्या मोजणीच्या नकाशावरूनच ठरते.

सगळे नकाशे बसल्यावर प्रत्येकातली बागेची हद्द वेगळ्या रंगाने गिरवा आणि क्षेत्रफळ काढा. आता एक हिशोबवही करा: वर्ष, क्षेत्रफळ, किती वाढले किंवा घटले, कशामुळे. बागेचा खरा इतिहास या वहीत असतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची उत्तर हद्द आधी १०६ व्या रस्त्यापर्यंत होती, १८६३ मध्ये ती ११० व्या रस्त्यापर्यंत गेली. अशी वाढ क्वचितच दिसते. मध्यवस्तीतल्या बागेच्या वहीत बहुतेक नोंदी उणे असतात: रस्तारुंदी, ग्रंथालय, पोलीस चौकी, वीजकेंद्र, वाहनतळाचा उतार. प्रत्येक उण्यामागे एक ठराव आणि बहुधा एक वाद असतो. तो शोधायला निदान वर्ष तरी आता हाताशी आले.

जमिनीचे कागद

मालकीचे कागद आजपासून मागे वाचत जा. प्रत्येक खरेदीखतात किंवा दानपत्रात आधीच्या दस्ताचा उल्लेख असतो, तो धागा धरून मागचा दस्त काढायचा. उलट दिशेने, म्हणजे जुन्यापासून पुढे यायला गेलात, तर जमिनीची वाटणी होते तिथे धागे फुटतात आणि नको त्या तुकड्यामागे आठवडा जातो.

दस्तात तीन गोष्टी पाहा. पहिली चतुःसीमा: पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण. शेजाऱ्यांची नावे आणि अंतरे कागदावर उतरवून तो आकार स्वतः काढा. तो बंद झाला नाही, म्हणजे शेवटची बाजू पहिल्या बिंदूला येऊन मिळाली नाही, तर नक्कल करणाऱ्याने एखादी ओळ गाळली आहे किंवा दिशा उलटी लिहिली आहे. दुसरी गोष्ट अटी. 'सार्वजनिक बागेखेरीज अन्य वापर केल्यास जमीन वारसांकडे परत जाईल' अशा एका वाक्यामुळे कितीतरी बागा वाचलेल्या असतात. तिसरी, सही कोणत्या नात्याने केली आहे: खाजगी मालक, विश्वस्त, की संस्था. विश्वस्त असतील तर विश्वस्तनिधीच्या सभांची इतिवृत्ते वेगळी असतात, ती महापालिकेच्या दफ्तरात मिळणार नाहीत.

मूळ दस्तच नसेल तर नंतरची साक्ष कामी येते, पण ती साक्ष म्हणूनच नोंदवायची. बॉस्टन कॉमनची जमीन शहराने १६३४ मध्ये विल्यम ब्लॅक्स्टनकडून ३० पौंडांना घेतली असे सांगितले जाते. त्याचा मुख्य आधार १६८४ मध्ये चार वृद्ध रहिवाशांनी दिलेली शपथेवरची जबानी आहे, व्यवहारानंतर पन्नास वर्षांनी दिलेली. प्रत्येक घराने किमान सहा शिलिंग भरल्याचे त्यात आहे. जबानी खोटी ठरवायचे कारण नाही. फक्त आपल्या तक्त्यात घटनेचे वर्ष १६३४ आणि पुराव्याचे वर्ष १६८४ अशा दोन वेगळ्या रकान्यांत लिहायचे.

ठराव, खर्च आणि वर्तमानपत्र

महापालिकेची इतिवृत्ते वाचताना 'ठराव मंजूर' या शब्दांवर थांबू नका. ठराव हा इरादा असतो. त्यापुढे अंदाजपत्रकात रक्कम धरली का, निविदा निघाली का, ठेकेदाराचे बिल चुकते झाले का, हे क्रमाने शोधा. पैसे दिल्याची नोंद सगळ्यांत भरवशाची. न झालेल्या कामाचे बिल पुढे चौकशीत तरी येते. बिलांमध्ये मिळणारे तपशील दुसरीकडे कुठे मिळत नाहीत: किती गाड्या माती टाकली, किती फूट कठडा बसवला, कोणत्या जातीची किती रोपे आणि कोणत्या रोपवाटिकेतून आणली. मातीच्या गाड्यांचा आकडा मोठा दिसला की समजावे, खड्डा, तळे किंवा ओढा बुजवला आहे. आज पाणी साचणाऱ्या कोपऱ्याशी तो ताडून पाहा.

एकाच बागेच्या 'स्थापनेच्या' तीन तारखा सापडतात आणि तिन्ही बरोबर असतात. सेंट्रल पार्कसाठी जमीन घेण्याचा कायदा १८५३ चा, पहिला भाग लोकांना खुला झाला १८५८ मध्ये आणि काम पूर्ण झाले असे १८७६ मध्ये मानले गेले. म्हणून 'स्थापना' हा शब्दच टाळावा आणि ठराव, खुली होणे, पूर्ण होणे अशा वेगळ्या तारखा द्याव्यात. कोनशिलेवरची तारीख यांपैकी कोणतीही असू शकते. पाहुण्यांच्या सोयीने समारंभ पुढे ढकलला आणि शिला आधीच कोरून तयार होती, असेही घडते.

वर्तमानपत्रातली उद्याच्या समारंभाची बातमी पुरावा म्हणून धरू नका. परवाचा अंक काढून समारंभ झाला का ते बघा. पाऊस, निधन, दंगल यांमुळे कार्यक्रम रद्द होतात आणि त्याची बातमी दोन ओळींची असते. संगणकीकृत अंकांत शोधताना जुन्या छपाईमुळे अक्षरे चुकीची ओळखली जातात, म्हणून नावाचे दोन-तीन अशुद्ध प्रकार करून शोधा, आणि ठरावाच्या पुढचे-मागचे निदान दोन आठवडे पानोपानी डोळ्यांनी चाळा. वाचकांची पत्रे आणि छोट्या जाहिराती सोडू नका. बँडवादन कुठल्या वारी असे, दिवे किती वाजता मालवत, फाटक कोणासाठी बंद असे, हे तिथेच सापडते.

बागेचे नियम हा फार दुर्लक्षित स्रोत आहे. जे लोक करत होते तेच नियमाने बंद केले जाते. गालिचे झटकू नयेत, गुरे आणू नयेत, बाकावर झोपू नये: प्रत्येक मनाईचे वर्ष नोंदवा, म्हणजे बाग कोण आणि कशी वापरत होते याचा अंदाज येतो.

आधी तिथे कोण राहत होते

बाग करण्याआधी माणसे उठवली असतील, तर त्यांच्याबद्दल उठवणाऱ्यांच्या कागदांवर विसंबून राहणे हा अन्याय आहे आणि इतिहास म्हणूनही ते चूक आहे. सेंट्रल पार्कच्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून तिथे कृष्णवर्णीय कुटुंबांनी रीतसर जमिनी विकत घेतल्या होत्या. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी तिथल्या रहिवाशांना झोपड्यांत राहणारे घुसखोर म्हटले. पण १८५५ च्या जनगणनेत तिथे सुमारे २२५ माणसे दिसतात. तीन चर्च होती, शाळा होती, आणि कित्येक जण घरांचे मालक होते. १८५७ पर्यंत सगळ्यांना हलवले गेले. २०११ मध्ये तिथे उत्खनन झाले तेव्हा घराचा दगडी पाया आणि रोजच्या वापरातल्या वस्तू मिळाल्या.

म्हणून अशा जागेसाठी चार कागद एकत्र ठेवावे लागतात: जनगणना, करवसुलीची नोंदवही, भूसंपादनाच्या नुकसानभरपाईची यादी आणि प्रार्थनास्थळांच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्या. भरपाईच्या यादीत फक्त मालक येतात, भाडेकरू येत नाहीत. जनगणनेत दोघेही येतात, पण जमिनीचा नेमका तुकडा बहुधा कळत नाही. नावे जुळवताना शुद्धलेखनावर जाऊ नका. वय, व्यवसाय आणि शेजारी जुळतात का ते पाहा.

छायाचित्रे

जुन्या फोटोची तारीख ठरवताना तळापासून सुरुवात करा: आधी फोटो कुठून काढला ते ठरवा, मग कधी. त्याच जागी जाऊन पुढची एक वस्तू आणि मागची एक वस्तू फोटोतल्याप्रमाणे एका रेषेत येईपर्यंत डावी-उजवीकडे सरका. अशा दोन जोड्या जुळल्या की कॅमेऱ्याची जागा पावलाभराच्या आत मिळते. काहीच जुळत नसेल तर निगेटिव्हची काच उलटी धरून फोटो छापलेला असू शकतो. पाट्यांवरची अक्षरे आणि पुरुषांच्या कोटाची बटणे तपासा.

सावलीवरून दिशा आणि वेळ निघते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला दुपारची सावली वर्षभर उत्तरेकडेच पडते. दोन वृत्तांच्या मध्ये मात्र ती ऋतूप्रमाणे दिशा बदलते, तेव्हा तिथे हा नियम डोळे झाकून लावू नका. काळ दोन बाजूंनी आवळा: 'याच्या आधीचा नाही' असे सांगणारी वस्तू (विजेचा खांब, ट्रामची तार, एखादा पुतळा) आणि 'याच्या नंतरचा नाही' असे सांगणारी (नंतर पाडलेली इमारत). पोस्टकार्ड असेल तर मागची बाजू बघा. पत्ता आणि मजकूर दोन्हींसाठी मधोमध रेघ असलेली कार्डे ब्रिटनमध्ये १९०२ पासून आणि अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून चालू झाली. टपालाचा शिक्का फोटोनंतर दहा वर्षांचाही असू शकतो, कारण दुकानदार जुना साठा विकत राहतात.

बागेत फिरून वाचणे

कागद झाल्यावर बागेत जा, आणि सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताआधी जा. तिरप्या उन्हात हिरवळीवरचे दोन-तीन इंचांचे उंचवटेही सावली टाकतात. भर दुपारी तेच दिसत नाहीत. कडक उन्हाळ्यात गवत सुकू लागले की पुरलेल्या पायावरचे आणि जुन्या खडीच्या वाटेवरचे गवत आधी पिवळे पडते, कारण तिथे मातीचा थर पातळ असतो. बुजवलेल्या चरावरचे उलट जास्त दिवस हिरवे राहते. ही चिन्हे काही दिवसच टिकतात, म्हणून दिसताक्षणी उंचावरून फोटो काढा आणि जवळच्या दोन पक्क्या वस्तूंपासून अंतर मोजून ठेवा. जुनी हवाई छायाचित्रेही याच डोळ्याने बघावीत.

झाडांचे वय सांगण्यात सर्वाधिक अतिशयोक्ती होते. बुंध्याचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजा (ब्रिटिश पद्धतीत १.५ मीटर) आणि कोणती उंची धरली ते लिहा, नाहीतर पुढच्या माणसाला तुलना करता येत नाही. समशीतोष्ण प्रदेशात मोकळ्यावर वाढलेल्या झाडाचा घेर वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटर वाढतो, दाटीत त्याच्या निम्म्याने. म्हणजे तीन मीटर घेराचे मोकळ्यावरचे झाड सुमारे १२० वर्षांचे. हा ठोकताळा आहे. उष्ण प्रदेशात तो लागू पडत नाही, तिथे वाढीची वलयेही दर वर्षी एक अशी भरवशाची नसतात, आणि पारंब्यांनी जुळलेल्या खोडांना तर मुळीच लावू नये. पडलेल्या झाडाचे खोड मिळाले तर वलये मोजा. उभ्या झाडाला भोक पाडून नमुना घेण्याचे काम परवानगीशिवाय आणि तज्ज्ञाशिवाय करू नका, त्या जखमेतून कुजण्याचा धोका असतो.

वयापेक्षा मांडणी जास्त बोलते. सारख्या अंतरावरची चार जुनी झाडे एका ओळीत आहेत आणि तिथे वाट नाही, तर तिथे वाट होती. बागेच्या रचनेशी न जुळणाऱ्या तिरक्या ओळीतली, बागेहून जुनी झाडे बहुधा शेताच्या बांधावरची असतात. ती रेघ पहिल्या मोजणीच्या नकाशावर ठेवून बघा.

दगडी कट्ट्यावर ठराविक अंतराने शिसे भरलेली भोके किंवा कापलेल्या लोखंडाची टोके दिसली तर तिथे कठडा होता. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात लोखंडासाठी असे कठडे सरसकट कापून नेले. चबुतऱ्यावरच्या पाटीची तारीख फक्त पाटीची धरा. पुतळे हलवले जातात. ओतकामाच्या कारखान्याचे नाव पुतळ्याच्या पायथ्याशी मागच्या बाजूला कोरलेले असते, ते टिपा.

जमिनीखाली

मध्यवस्तीतल्या बागेखाली काहीतरी असतेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरखाली १९४२ पासून वाहनतळ आहे. शिकागोचे मिलेनियम पार्क (२००४) रेल्वेच्या रुळांवर आणि वाहनतळावर उभे आहे. ब्रायंट पार्कच्या शेजारी जलाशय होता; तो पाडून तिथे ग्रंथालय झाले, आणि आता ग्रंथालयाची पुस्तके बागेच्या हिरवळीखालच्या तळघरात आहेत. बॉस्टनमध्ये १८९० च्या दशकात भुयारी रेल्वेसाठी कॉमनच्या कडेने खणले, तेव्हा नऊशेच्या आसपास माणसांचे अवशेष निघाले आणि ते पुन्हा पुरावे लागले.

जमिनीखाली छत असेल तर वरची माती मीटर-दोन मीटरचीच असते. म्हणून तिथे मोठी झाडे नसतात, आणि असलेली झाडे वाहनतळाहून जुनी असूच शकत नाहीत. झाडांचे वय तपासायचा हा एक चांगला उपाय आहे. जलवाहिन्या, गटारे, केबल यांचे नकाशे संबंधित विभागांकडून मागा. सुरक्षेच्या कारणाने पूर्ण नकाशा दिला नाही, तर फक्त टाकल्याचे वर्ष आणि खोली मागा. स्वतः खणू नका, धातुशोधक यंत्रही फिरवू नका. दफनभूमीची शंका असेल तर पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा.

माणसांना विचारणे

माळी, पहारेकरी, फेरीवाले, रोज चालायला येणारे, बाकावर पत्ते खेळणारे: यांना साल विचारू नका. साल कुणालाच आठवत नाही आणि विचारले की माणूस अंदाजाने ठोकून देतो. 'कारंजे बंद पडले ते तुमचे लग्न व्हायच्या आधी की नंतर?' असे विचारा. छापलेला नकाशा आणि चार-पाच जुने फोटो समोर ठेवा आणि पेन त्यांच्या हाती द्या. ध्वनिमुद्रणाआधी लेखी संमती घ्या, नाव छापायचे की नाही हे वेगळे विचारा. भुयार, खजिना, राजाचा मुक्काम अशा गोष्टी सगळीकडे सारख्याच सांगितल्या जातात. त्या दंतकथा म्हणून वेगळ्या ठेवाव्यात, फेकून देऊ नयेत. भुयाराच्या गोष्टीखाली पुष्कळदा खरेखुरे जुने गटार निघते.

दोन माणसे एकच गोष्ट सांगत असली तरी दोघांनी ती एकाच लेखातून वाचलेली असू शकते. म्हणून प्रत्येकाला 'तुम्ही स्वतः पाहिले का?' हे विचारून उत्तर तसेच लिहून घ्या.

मांडणी आणि जपणूक

सगळे एका तक्त्यात उतरवा: घटना, घटनेची तारीख, पुरावा, पुराव्याची तारीख, पुरावा कुठे ठेवला आहे, आणि पुरावा प्रत्यक्ष, नंतरचा की ऐकीव ही प्रतवारी. तारीख नेमकी नसेल तर '१८७२ आणि १८८१ यांच्या मध्ये' असेच लिहा. '१८७५ च्या सुमारास' असे लिहिले की दोन वर्षांत कुणीतरी 'सुमारास' गाळून फलक बनवतो. दोन पुरावे एकमेकांविरुद्ध असतील तर दोन्ही तक्त्यात राहू द्या आणि तुम्ही कोणता मानला, का मानला, ते शेजारी लिहा.

स्कॅन टिफ स्वरूपात साठवा, जेपेग फक्त दाखवण्यापुरते. फाइलच्या नावात वर्ष आधी, मग प्रकार, मग संग्रहाचा क्रमांक, म्हणजे आपोआप कालानुक्रम लागतो. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत ठेवा, आणि एक संच स्थानिक ग्रंथालयाला यादीसह द्या. मूळ फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो, आणि चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन फोटोत मुरतो.